देवळामागची टाकी

शनिवारी रात्री आरती आटोपल्यावर मारुतीच्या गळ्यातून उतरलेली रुईची माळ एकदा हातात घेऊन बघावी. बोटं तेलानं माखतात. तेलात शेंदूर कालवलेला असतो. देठातून निघालेला चीक पुरता वाळलेला नसतो, आणि तो चुकून डोळ्यात गेला तर डॉक्टरकडे धावावं लागतं. पानं ज्यात ओवलेली असतात तो दोरा बारीक, चकाकता, नायलॉनचा. ओढला तर बोट कापतो, पण तुटत नाही. मधूनमधून सोनेरी चमकीची पट्टी. आणि माळ ज्या पन्नीतून आली, ती पन्नी गाठ न सोडता पायरीशीच पडलेली.

देवाच्या फुलांचं खत करा, हे सांगायला सोपं आहे आणि ऐकायला गोड. पण फूल आपलं आपण कुजतं, त्यात कोणाचं कर्तृत्व नाही. काम असतं ते फुलाला आपण जे जे चिकटवून ठेवलंय ते सोडवण्याचं. शहरात रोज जो ओला कचरा निघतो, त्यात देवळाचं निर्माल्य खरं तर सगळ्यात स्वच्छ. त्यात मासळी नाही, उष्टं नाही, डायपर नाही. नुसती फुलं, पानं, दूर्वा, बेल. ते बिघडतं ते आपल्या हौसेनं.

आमचं देऊळ नागपुरात, प्रतापनगरच्या पुढे एका जुन्या लेआउटमध्ये आहे. टेकडीच्या गणपतीला असते तशी रोजची गर्दी इथे नाही, नवरात्रात कोराडीला लागते तशी रांगही नाही. मारुती, बाजूला महादेवाची पिंड, मागे पिंपळ, कम्पाउंडची भिंत आणि बोअरवेल. शनिवारी आणि श्रावणातल्या सोमवारी मात्र पाय ठेवायला जागा नसते. रामनवमी ते हनुमान जयंती मंडप असतो आणि शेवटच्या दिवशी महाप्रसाद: मसालेभात, आलू-वांग्याची भाजी, पुरी, कढी, बुंदी. म्हणजे एका हाताला फुलांचे बोरे आणि दुसऱ्या हाताला उष्ट्या पत्रावळींचा ढीग. वर्षानुवर्षं दोन्हींची वाट वेगळी होती. पत्रावळी कचरागाडीत, तिथून भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात. फुलं मात्र कचऱ्यात टाकवत नाहीत म्हणून गुरवांचा मुलगा ती स्कूटरवर घालून फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या तळ्यावर न्यायचा. ज्यांच्या घरी रोजची पूजा, ते आपापली पन्नी डिक्कीत घेऊन जायचे आणि कठड्यावरून, इकडेतिकडे बघत, सोडून द्यायचे. नमस्कार करायचे, ते तळ्याला की पन्नीला, देव जाणे.

तळ्यात पुढे काय होतं ते दिसत नाही, म्हणून बरं वाटतं. फुलं कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि माशांना तो कमी पडतो. कुजून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. ते मेलं की पुन्हा तेच चक्र. वाहत्या नदीत चार फुलं सोडणं आणि साचलेल्या तळ्यात गावभराचे बोरे रिकामे करणं यात फरक आहे. नागपुरात तर वाहती नदी म्हणून जी आहे ती नाग नदी. तिच्यात फुलं सोडायची तर आधी नाकाला रुमाल लावावा लागतो. गणपतीत आता तळ्यांऐवजी कृत्रिम टाक्यांत विसर्जन होतं, निर्माल्याचे वेगळे कलश लागतात. ते दहा दिवस शहर शहाणं असतं. उरलेल्या वर्षाचं काय, हा प्रश्न राहतोच.

माझी आजी उमरेडकडची. तिच्या घराजवळ नदी नव्हती आणि तळं होतं ते गुराढोरांचं. तिथे तिनं कधी निर्माल्य नेल्याचं मला आठवत नाही. देव्हाऱ्यातली कालची फुलं ती तांब्याच्या ताम्हनात गोळा करायची आणि परसातल्या जास्वंदीच्या बुंध्याशी नेऊन ठेवायची. टाकायची नाही, ठेवायची. तिचा दंडक एकच होता, निर्माल्यावर पाय पडता कामा नये. त्यासाठी ती पुष्पदंत गंधर्वाची गोष्ट सांगायची. हा गंधर्व अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुलं चोरायचा. चोर सापडेना, तेव्हा राजानं वाटेवर शंकराचं निर्माल्य पसरून ठेवलं. त्यावर गंधर्वाचा पाय पडला आणि त्याची अदृश्य होण्याची विद्या गेली. या गोष्टीत पाणी कुठेच नाही. पायदळी येऊ देऊ नका, एवढंच आहे. परस गेलं, फ्लॅट आले, जास्वंद कुंडीत आली, आणि मग ठेवायला जागा उरली नाही म्हणून आपण पाण्याची वाट धरली असावी, असं मला वाटतं. शास्त्र मागाहून चिकटलं.

तर खताची टाकी ही नवी गोष्ट नाही. आजीच्या जास्वंदीचा बुंधा जरा मोठा करून बांधला, इतकंच. तो कसा बांधायचा तेही शोधायला लांब जावं लागलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी काढलेली नाडेप पद्धत देशभर माहीत आहे. आपल्याच विदर्भातली आहे म्हणून की काय, नागपुरात तिचं नाव फारसं ऐकू येत नाही. पर्यावरण अभियांत्रिकीवर काम करणारी नीरी या शहरात, देशातल्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचं मुख्यालय या शहरात, आणि देवळातली फुलं डिक्कीत. असो.

नाडेपची मूळ टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. विटांची, आणि भिंतीत जागोजागी भोकं सोडलेली, म्हणजे हवा आरपार खेळते. नाडेपकाकांचा जोर होता तो शेण वाचवण्यावर. जनावरं कमी झाली, शेण पुरत नाही, तर १०० किलोच्या आसपास शेणात पालापाचोळा आणि माती घालून तीनेक टन खत कसं निघेल, हा त्यांचा हिशोब. वेळ लागतो ९० ते १२० दिवस. आमच्या देवळामागे एवढी जागा नाही, एवढा पालाही नाही. आम्ही टाकी निम्म्याहून लहान बांधली. उंची तेवढी ठेवली, कारण थर उथळ असला की तापत नाही. शेण पलीकडच्या गोठ्यातून येतं. गोठेवाल्या भाऊंनी आधी पैसे सांगितले, मारुतीचं नाव ऐकल्यावर सोडले, आणि नंतर दर महिन्याला बुंदीची आठवण करून देऊ लागले.

आणि इथेच ती गोष्ट लक्षात आली जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. नुसत्या फुलांचं खत होत नाही. झेंडू-शेवंतीचा ढीग केला की त्यातलं पाणी सुटतं, पाकळ्या एकमेकींना चिकटून लगदा होतो, आत हवा जात नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी असा वास सुटतो की दर्शनाला आलेली माणसं दुरूनच हात जोडतात. नुसत्या पत्रावळींचंही होत नाही. त्या कोरड्या, चिवट. एकावर एक पडल्या की पाणी वरच्या वर ओघळून जातं आणि दोन-दोन महिने पानं जशीच्या तशी राहतात. कुजवणाऱ्या जिवांना कर्ब आणि नत्र दोन्ही हवं, साधारण ३० ला १ या प्रमाणात. फुलांत ओल आणि नत्र, वाळक्या पानात कर्ब आणि पोकळी. एकाची जी अडचण, ती दुसऱ्याकडे असलेल्या गोष्टीनं सुटते. गाभाऱ्यातून निघतं ते आणि मंडपातून निघतं ते, हे दोन्ही एकाच टाकीत जायला हवे होते. आपणच इतकी वर्षं एक तळ्यावर आणि एक डम्पिंगला पाठवत होतो. गाभाऱ्यातलं पवित्र आणि पंगतीतलं उष्टं, म्हणून.

कमिटीत यावरूनच वाजलं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काकाजी आहेत, ते शनिवार चुकवत नाहीत. ते म्हणाले, "ताई, देवाचं देवाले गेलं पाहिजे. तुम्ही त्याले शेणात आन् उष्ट्यात घालून राहिल्या." मला उत्तर सुचेना. गुरवच म्हणाले, "काकाजी, शेणानंच तर सारवत होतो नं आपण देवघर." शेणाचा मुद्दा मिटला. उष्ट्याचा मिटला नाही, आणि काकाजींच्या बाजूनं सांगायचं तर त्यात तथ्यही आहे. अन्न राहिलेली पत्रावळ टाकीत टाकली की उंदीर येतात, कुत्री भिंत उकरतात, तेला-मिठानं खताचीही नासाडी होते. म्हणून पंगत उठली की पत्रावळ आधी झटकायची, उरलेलं अन्न वेगळ्या टोपल्यात काढायचं, पानं उन्हात पसरायची, मग फाडून तुकडे करायचे. फाडताना बांबूच्या काड्या बोटात घुसतात. पहिल्या महाप्रसादानंतर आम्हा सगळ्यांची बोटं चाळणी झाली होती. आता बागकामाचे हातमोजे आणलेत.

हे सगळं जमतं ते पत्रावळ खरी असेल तर. खरी म्हणजे पळसाची. माघात पळस उघडाबोडका होतो, फाल्गुनात फुलतो, मग चैत्र-वैशाखात नवी पानं येतात, त्यातली जून झालेली पानं तोडून, वाळवून, काड्यांनी टाचून बायका पत्रावळी करतात. लहानपणी महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरात त्यांचे गठ्ठे यायचे आणि जेवायला बसण्याआधी पानावर पाणी शिंपडून ते पुसून घ्यायचं काम आम्हा मुलींचं असायचं. त्यावर गरम वरण पडलं की पानाचा एक तुरट वास यायचा. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली तेव्हा वाटलं, चला, पळसाचे दिवस फिरले. बाजारात दिसू लागल्या त्या मात्र भलत्याच पत्रावळी. वरून हिरव्या, कोणावर पानाच्या शिरा छापलेल्या, कोणावर चंदेरी वर्ख. दुकानदार छातीठोक सांगतो, "कागदाची आहे जी, पूर्ण कागदाची."

ते तपासायचं असेल तर पत्रावळ रात्रभर बादलीत भिजत ठेवा. सकाळी कागदाचा लगदा झालेला असतो, आणि चिमटीत धरून वर उचललं की एक पातळ, पारदर्शक पापुद्रा अख्खाच्या अख्खा निघून येतो, उन्हं लागून सोललेल्या पाठीच्या कातडीसारखा. हा पापुद्रा टाकीत कुजत नाही. तुकडे होतात, लहान होतात, खतात मिसळतात आणि चाळणीतूनही खाली जातात. थर्माकोल निदान दिसतं तरी. या पत्रावळीचा मला जास्त राग आहे, कारण ती पानाचं सोंग घेते.

निवडण्याचं काम रविवारी सकाळी चालतं. सुरुवातीला लेआउटमधली बरीच तरुण मंडळी आली, टाकीसमोर फोटो निघाले, व्हॉट्सॲपवर फिरले. नंतर गळती लागली. आता गुरव, मी, शेजारच्या दोघी आणि देवळाची झाडलोट करणाऱ्या ताई एवढेच असतो. आधी हे सगळं एकट्या ताईंच्याच गळ्यात पडणार होतं. कमिटीतले एक जण सहज म्हणाले होते, "ते ताई करतीन नं." शनिवारी ज्या माळेला हात लावायला आंघोळ करून, सोवळ्यानं रांग लागते, ती रविवारी कचरा होते, आणि कचरा कोणी उचलायचा हे या देशात आधीच ठरलेलं असतं. मग आम्ही दोन गोष्टी ठरवून घेतल्या. ताईंना निवडण्याचे पैसे वेगळे, आणि त्या एकट्या बसणार नाहीत. ताई यावर काही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या रविवारी माझ्यासाठी एक पाट घेऊन आल्या, कारण मला उकिडवं बसता येत नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

शेंदराचं कोडं त्यांनीच सोडवलं. शेंदूर मुळात शिशाचा, आणि शिसं कुजत नाही, मातीत तसंच बसून राहतं. म्हणजे मूर्तीच्या अंगावरची एकही माळ टाकीत घालता येत नव्हती, आणि शनिवारचा निम्मा माल तर तोच. ताई म्हणाल्या, "सगळ्या माळा अंगावर कायले चढवता? जाळीले टांगा नं." आता मूर्तीसमोरच्या जाळीला आकडे लावलेत. गुरव पहिली माळ देवाच्या गळ्यात घालतात, बाकीच्या सगळ्या समोर टांगतात. ज्यांना हे पटत नाही ते कुरकुरतात, पण आपली माळ देवासमोर पुढे, सगळ्यांना दिसेल अशी लटकते म्हटल्यावर कुरकुर आपोआप कमी झाली. गळ्यातली एक माळ वेगळ्या डब्यात जाते. अशी काळजी घेऊनही मी हे खत भाजीपाल्याला घालू देत नाही. गुलालाचे, कुंकवाचे रंग कशाचे असतात कोण जाणे, आणि बाजारातल्या फुलांवर फवारेही मारलेले असतात. झाडांना आणि फुलांना घालावं, पालकाला नको.

थर लावायला मला आवडतं. खाली फाटक्या पत्रावळींचा वीतभर थर, त्यावर चार बोटं फुलं, त्यावर शेणाचा काला शिंपडायचा, मूठ-मूठ माती भुरभुरायची, पुन्हा पत्रावळ. बर्डीच्या फूलबाजारातून आलेला टपोरा झेंडू असेल तर तो कुस्करून घ्यायचा, कारण पाकळ्या लगेच जिरतात पण खालचा हिरवा पेला हटून बसतो. बेलाचं पानही तसंच, चामडी. त्याला घाई नाही. तीन-चार दिवसांत टाकी तापते. लोखंडी सळई आत खुपसून थोड्या वेळानं ओढून काढली तर हातात धरवत नाही. चांगला थर ५५-६० अंशांपर्यंत जातो आणि त्या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. मग ढीग दिवसेंदिवस खाली बसत जातो. काठोकाठ भरलेली टाकी काही आठवड्यांत अर्धी दिसते, आणि नवे सभासद दर वेळी विचारतात, "कोणी नेऊन राहिलं का?"

मे महिन्याचं नागपूर मात्र सगळी गणितं मोडतं. बाहेर ४५ अंश, भिंतीतल्या भोकांतून झळा शिरतात, टाकी आतून कोरडी ठणठणीत होते आणि कुजणं थांबतं. मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांच्या फटीत ओल दिसावी, थेंब गळू नये, एवढी ओल हवी. उन्हाळ्यात ती टिकवायला ओलं बारदान टाकावं लागतं आणि संध्याकाळी पाणी शिंपडावं लागतं. अभिषेकाचं पाणी त्याच कामी येतं. दुधाचं नाही, दुधानं माश्या येतात. आणि मृग लागला की नेमकं उलटं, पाऊस आत जाऊ नये म्हणून वर टिन.

खत चाळायचा दिवस हा खरा मौजेचा. चाळणीखाली काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत पडतं आणि चाळणीवर उरतं ते आमच्या भक्तीचं बाकी: सुपाऱ्या, नारळाच्या शेंडीचे झुबके, रबर, उदबत्तीच्या काड्या, पत्रावळीच्या पिना, एखादं मंगळसूत्राचं खोटं पदक, आणि नाणी. नाणी धुऊन दानपेटीत जातात. पिंपळाच्या कट्ट्याभोवती, जिथे कोणी पाय देत नाही, तिथे पहिलं खत गेलं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चपलेला किलोकिलोनं चिकटते. खत पडलेला पट्टा तेवढा मोकळा झालाय, खुरपं सहज जातं. मारुतीच्या रुईला खत घालावं असंही एकानं भाविकतेनं सुचवलं. रुईला खताचं काही देणंघेणं नाही. ती उकिरड्यावर, रुळांच्या कडेला, कुठेही माजते. देवानं आपल्यासाठी झाड निवडताना भक्तांचा खर्च बघितलेला दिसतो. टाकीच्या कडेचा भाग मात्र नीट तापत नाही, तिथे बी शाबूत राहतं, आणि श्रावणात विटांच्या भोकांतून झेंडूची रोपं बाहेर डोकावतात. ती आम्ही उपटत नाही.

काकाजी अजून पुरते आमचे झालेले नाहीत. रोजची फुलं आणून टाकीशी ठेवतात, पन्नी घडी करून खिशात घालतात, दोरा स्वतः सोडवतात. महाशिवरात्रीचा बेल मात्र ते कोणाच्या हाती देत नाहीत. तो कुठे नेतात ते विचारायचं नाही, असं आमच्यात न बोलता ठरलंय.

यंदाच्या हनुमान जयंतीच्या बैठकीत खजिनदारांनी दोन भाव समोर ठेवले. पापुद्र्याच्या पत्रावळी स्वस्त, पळसाच्या जवळजवळ दुप्पट, आणि माणसं हजाराच्या वर. बरीच घासाघीस झाली. शेवटी बसणाऱ्या पंगतीला पळस, आणि रांगेत उभ्यानं घेणाऱ्यांनी घरून ताट आणायचं, असं ठरलं. ताट आणायला लोक तयार होतील का, याबद्दल खजिनदारांना शंका आहे आणि मलाही आहे. पळसाची ऑर्डर देवलापारकडच्या एका बाईंना दिली. फोनवर मी एकच अट घातली: काड्या बांबूच्याच पाहिजेत, स्टेपलरच्या पिना चालणार नाहीत, त्या खतात सापडतात.

"बाई," पलीकडून आवाज आला, "स्टेपलरचे पैसे कोण देते आमाले?"